किमान, कमाल आणि सरोवराचा काठ

कायदा हाही मजकूरच असतो. कथा-कवितेसारखा तो आस्वादासाठी लिहिला जात नाही, हे खरे. पण त्यात शब्दांची निवड असते, वगळलेले शब्द असतात, आणि एखादे क्रियापद बदलले की शेकडो मैल जमिनीचे भवितव्य बदलते. गेली काही वर्षे मी जमीन आणि पाणी यांच्या सीमेवर लागू होणाऱ्या कायद्यांची भाषा वाचते आहे. मी वकील नाही, नगररचनेची पदवीही माझ्याकडे नाही. नियम, न्यायालयांचे निकाल आणि अहवाल आज कोणालाही वाचायला मिळतात. शब्दकोश शेजारी ठेवून ते सावकाश वाचायचे, एवढीच माझी पद्धत.

प्रस्तुत लेखाचा विषय दूरचा वाटेल. अमेरिकेतील मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या शेजारशेजारच्या दोन राज्यांत सरोवराच्या काठी घर बांधायचे तर काही किमान मानके पाळावी लागतात. मानके राज्य ठरवते. अंमलबजावणी काउंटी करते, किंवा शहर. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या पातळीवरची, पण जमीनवापर ठरवण्याचे मोठे अधिकार असलेली स्थानिक संस्था. ही मानके सगळीकडे तंतोतंत लावायची की स्थानिक परिस्थितीनुसार त्यांत लवचिकता ठेवायची, हा या दोन राज्यांतला गेल्या पन्नास-साठ वर्षांचा वाद आहे.

‘लवचिकता’ हा शब्द कानावर पडला की माणूस मान डोलावतो. ताठरपणाची बाजू कोण घेणार? माझे म्हणणे एवढेच की हा शब्द अर्धा आहे. कोणत्या दिशेने लवचिक, आणि वाकवण्याचा अधिकार कोणाच्या हाती, हे सांगितल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. दोन राज्यांचे मजकूर शेजारी ठेवून वाचले की ते उघड दिसते.

पाऊणशे फूट कशासाठी?

आधी थोडी पार्श्वभूमी. हिमयुगातील हिमनद्या मागे सरकताना मागे राहिलेल्या खळग्यांतून इथली बहुतेक सरोवरे तयार झाली. मिनेसोटात दहा एकरांपेक्षा मोठी अशी ११,८४२ सरोवरे मोजलेली आहेत. विस्कॉन्सिनमध्ये लहानमोठी मिळून १५,००० हून अधिक. दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते झाले, मोटारी आल्या, आणि उन्हाळी सुटीसाठी काठावर लाकडी खोपटी उभी राहू लागली. पुढे खोपट्यांची घरे झाली, घरांचे बंगले झाले. विस्कॉन्सिनने १९६६ साली आणि मिनेसोटाने १९६९ साली काठाच्या जमिनीसाठी वेगळा कायदा केला. दोन्हीकडे त्याचा पल्ला सारखाच आहे: सरोवरापासून १,००० फूट आणि नदीपासून ३०० फूट, किंवा पूरमैदान त्याहून लांब जात असेल तर तिथपर्यंत.

विस्कॉन्सिनचे मूळ मानक असे: घर पाण्यापासून किमान ७५ फूट दूर. आपल्या बांधकाम नियमांत ज्याला ‘सामासिक अंतर’ म्हणतात, तसेच हे. फक्त शेजाऱ्याऐवजी पाण्यापासून मोजलेले. या ७५ फुटांपैकी पाण्यालगतच्या ३५ फुटांत झाडोरा राखायचा. सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी नसेल तिथे भूखंड किमान २०,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे अठरा गुंठे, आणि रुंदी १०० फूट.

मिनेसोटाने एकच माप सगळ्यांना लावले नाही. त्याने सरोवरांचे तीन वर्ग पाडले: ‘नैसर्गिक पर्यावरण’, ‘मनोरंजन विकास’ आणि ‘सर्वसाधारण विकास’. उथळ, लहान, दलदलीच्या काठाचे आणि मैलभर काठावर तीनपेक्षा कमी घरे असलेले सरोवर पहिल्या वर्गात. खोल, मोठे आणि मैलाला पंचवीसहून अधिक घरे असलेले तिसऱ्यात. सांडपाण्याची वाहिनी नसेल तर या तीन वर्गांत घर पाण्यापासून अनुक्रमे १५०, १०० आणि ७५ फूट दूर हवे. काठावरचा भूखंड अनुक्रमे ८०,०००, ४०,००० आणि २०,००० चौरस फुटांचा हवा. गुंठ्यांत सांगायचे तर त्र्याहत्तर, सदतीस आणि अठरा. शिवाय भूखंडाचा पंचवीस टक्क्यांहून अधिक भाग छप्पर, फरशी, डांबर अशा पाणी न जिरणाऱ्या पृष्ठभागाने झाकायचा नाही.

हे फूट कुठून मोजायचे, याचे उत्तर मला या सगळ्या मजकुरातले सर्वांत सुंदर कलम वाटते. मोजणीची सुरुवात ‘सामान्य उच्च जलरेषे’पासून होते. ही रेषा आजच्या पाण्याची नसते. पाणी पुरेसा काळ जिथवर टिकून राहिले आणि काठावर आपली खूण ठेवून गेले, ती रेषा. जिथे पाणवनस्पती संपून जमिनीवरच्या वनस्पती सुरू होतात, तिथे ती बहुधा सापडते. म्हणजे सीमा पाण्यानेच आखलेली असते. सर्वेक्षकाने ती फक्त वाचायची. दुष्काळात पाणी मागे गेले म्हणून घराला पुढे सरकता येत नाही.

अंतर ठेवायचे कारण साधे आहे. फॉस्फरस. १९७३ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लेक २२६’ या छोट्या सरोवराच्या मध्ये पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले. एकात फॉस्फरसही घातला. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा जवळपास तसाच राहिला. आकाशातून घेतलेले त्याचे छायाचित्र जलशास्त्राच्या पुस्तकांत हमखास असते. हिरवळीचे खत, शोषखड्ड्यांतून झिरपणारे पाणी, उघडी पडलेली माती, या सगळ्यांतून फॉस्फरस सरोवरात येतो, आणि काठचा झाडोरा त्यातला बराचसा वाटेत अडवतो.

झाडोऱ्याचे दुसरेही काम आहे. काठची झाडे म्हातारी होऊन पाण्यात पडतात आणि त्यांच्या खोडांच्या आडोशाला मासे वाढतात. उत्तर विस्कॉन्सिन आणि लगतच्या मिशिगनमधील सोळा सरोवरांच्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरे वाढली तशी पाण्यातली खोडे कमी झालेली दिसली. घरमालक काठ ‘स्वच्छ’ करतो. एक खोड काढायला एक सकाळ लागते. त्या जागी दुसरे झाड वाढून, म्हातारे होऊन पाण्यात पडायला पिढ्या लागतात.

मिनेसोटा: अटींसह लवचिकता

मिनेसोटाच्या नियमांत लवचिकतेचे एक स्वतंत्र कलम आहे. त्याचा आशय असा: विशेष परिस्थितीत, आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या आयुक्तांची पूर्वसंमती घेऊन, स्थानिक संस्थेला राज्याच्या मानकांशी तंतोतंत न जुळणारे नियम करता येतील, मात्र मूळ कायद्याचे हेतू साधले गेले पाहिजेत.

या एका वाक्यात तीन कुलपे आहेत. परिस्थिती विशेष हवी, म्हणजे ती दाखवून द्यावी लागते. संमती आधी हवी, म्हणजे बांधून झाल्यावर कागद पुढे करता येत नाही. आणि हेतू साधला पाहिजे, म्हणजे एका ठिकाणी सोडलेले दुसऱ्या ठिकाणी भरून काढणे आले. समजा एखाद्या जुन्या गावाची बाजारपेठच काठावर आहे. तिथे घराचे अंतर कमी करायचे असेल तर पावसाचे पाणी जागेवर जिरवण्याचे कडक नियम, किंवा उरलेल्या काठावर अधिक रुंद झाडोरा, असे काहीतरी देता आले पाहिजे. याशिवाय स्थानिक संस्थेला राज्याच्या मानकांहून कडक नियम करण्याची मुभा पहिल्यापासूनच आहे. वर जायला परवानगी लागत नाही. खाली यायला लागते.

हा मजकूर मला चांगला वाटतो. पण चांगल्या मजकुराचे पुढे काय होते, तेही पाहायला हवे. २००५ साली राज्यपाल टिम पॉलेंटी यांच्या स्वच्छ पाणी उपक्रमात उत्तर-मध्य भागातील एटकिन, कॅस, क्रो विंग, हबर्ड आणि इटास्का या पाच काउंट्यांसाठी पर्यायी मानके तयार झाली. स्थानिक लोकांशी बोलून केलेली, अनेक बाबतींत जुन्यापेक्षा कडक, आणि ऐच्छिक. २००७ मध्ये विधिमंडळाने नैसर्गिक संसाधन खात्याला राज्यभराचे नियम सुधारायला सांगितले. तेव्हा लागू असलेले नियम १९८९ चे होते. तोवर काठावरच्या बांधकामाचे स्वरूप पार बदलले होते. खात्याने मसुदा केला, सभा घेतल्या. ऑगस्ट २०१० मध्ये त्याच राज्यपालांनी तो मसुदा परत पाठवला. त्यांचा आक्षेप असा की या नियमांनी जमीनमालकांच्या हक्कांवर आणि स्थानिक नियंत्रणावर अतिक्रमण होते. ‘स्थानिक’ हा शब्द इथे लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

त्याच वर्षी आणखी एका शब्दाचे भवितव्य ठरले. मानकात बसत नसलेल्या बांधकामाला एकेका प्रकरणात सूट देण्याचा अधिकार स्थानिक मंडळांना असतो. अशी सूट ‘अवाजवी हाल’ होत असतील तरच द्यावी, असे शहरांना लागू असलेल्या कायद्यात होते. मिनेटोंका शहरातील एका जुन्या गॅरेजवर मजला चढवायला मिळालेली सूट शेजाऱ्याने न्यायालयात नेली. जून २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायद्यात ‘हाल’ लिहिले असेल तर अर्थही हालच घ्यावा लागेल; सुटीशिवाय त्या मालमत्तेचा कोणताही वाजवी वापर होत नाही, हे दाखवावे लागेल. खालची न्यायालये आणि नगरपालिका इतकी वर्षे त्या शब्दाचा अर्थ सैल लावत आल्या होत्या. निकालाने एकदम खळबळ उडाली, आणि मे २०११ मध्ये विधिमंडळाने शब्दच बदलला. ‘अवाजवी हाल’ गेले, ‘व्यावहारिक अडचणी’ आल्या. त्यावर सही करणारे राज्यपाल मार्क डेटन दुसऱ्या पक्षाचे होते, म्हणजे सैलावण्याची ही वृत्ती काही एकाच पक्षाची नव्हे.

गॅरेजचे प्रकरण सरोवराचे नव्हते, पण बदललेला शब्द सरोवराच्या काठावरही लागू झाला. हाल थोड्यांचे असतात. व्यावहारिक अडचण कोणाला नसते? सूट देणारे मंडळ एका वेळी एकच भूखंड पाहते. समोर ओळखीचा माणूस बसलेला असतो, त्याची अडचण खरी असते, आणि मागितलेली सूट वीस-पंचवीस फुटांची असते. नाही म्हणणे अवघड जाते. पण सरोवराकडे भूखंड वेगवेगळे येत नाहीत. त्याच्याकडे सगळ्या सुटींची बेरीज येते, आणि ही बेरीज मांडायला मंडळापुढे रकाना नसतो. या सगळ्या मजकुरांतले मोठे वैगुण्य मला हेच वाटते.

विस्कॉन्सिन: जमिनीचे छत झाले

विस्कॉन्सिनची सुरुवात अधिक ठाम होती. तिथल्या राज्यघटनेतच नौकानयनयोग्य पाणी सर्वांचे आणि सर्वकाळ मुक्त राहील, असे कलम आहे. त्याचे मूळ १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशात आहे. त्याच पायावर १९७२ साली ‘जस्ट विरुद्ध मॅरिनेट काउंटी’ हा निकाल उभा राहिला. नॉक्बे सरोवराकाठच्या एका मालकाने परवाना न घेता दलदलीच्या जागेत वाळूचा भराव टाकला. अडवल्यावर त्याने म्हटले, जमीन माझी आहे. वापरू देत नसाल तर भरपाई द्या. न्यायालयाने ते मानले नाही. जमिनीचा मूळ नैसर्गिक स्वभाव बदलून, तिला न मानवणाऱ्या आणि इतरांच्या हक्कांना बाधा आणणाऱ्या कामासाठी ती वापरण्याचा अमर्याद अधिकार मालकाला नसतो, असा त्या निकालाचा गाभा आहे. जमिनीला स्वभाव असतो, हे न्यायालयाने १९७२ साली म्हटले.

राज्याची मानके इथे ‘किमान’ होती. काउंटीने एवढे तरी करावे. जास्त करायचे असेल तर करावे. १९९० च्या दशकात उत्तरेकडच्या अनेक काउंट्यांनी तसे केलेही. त्यांनी आपल्या सरोवरांचे वर्ग पाडले आणि लहान, नाजूक सरोवरांना मोठे भूखंड, जास्त अंतर अशी मानके लावली. ही लवचिकता खरीच स्थानिक होती. आपल्या शेजारचे तळे किती सोसू शकते, हे तिथल्या माणसांनी ठरवले होते.

जुलै २०१५ मध्ये राज्यपाल स्कॉट वॉकर यांच्या सहीने राज्याचा अर्थसंकल्प कायदा झाला. त्याच्या पोटात, पैशांच्या तरतुदींच्या गर्दीत, काठाच्या बांधकामाचेही एक कलम होते: राज्याच्या मानकाने एखाद्या बाबीचे नियमन केले असेल, तर काउंटीच्या नियमाने त्या बाबीचे अधिक कडक नियमन करू नये. एवढेच. ७५ फुटांचा आकडा बदलला नाही. भूखंडाचा आकार बदलला नाही. बदलली ती त्या आकड्यांची जात. कालपर्यंत जे किमान होते, ते आज कमालही झाले. पायाखालची जमीन उचलून डोक्यावर छत म्हणून ठेवावी, तसे. काउंट्यांनी वर्षानुवर्षे घासून तयार केलेली कडक मानके त्या दिवसापासून निरुपयोगी झाली.

वर जाण्याची वाट बंद झाली, तरी खाली येण्याच्या वाटा राहिल्या. काठाच्या झाडोऱ्यात पाण्याच्या दर्शनासाठी मोकळी खिडकी ठेवता येते: दर १०० फूट काठामागे ३५ फूट. दोन्ही शेजाऱ्यांची घरे ७५ फुटांच्या आत असतील तर नव्या घराला त्यांची सरासरी घेऊन पुढे येता येते. फक्त ३५ फुटांच्या आत नाही. या सरासरीवर थोडे थांबावे. जुनी घरे बहुधा नियम येण्याआधीची असतात. त्यांना मी नियमबाह्य म्हणणार नाही, ती नियमपूर्व आहेत, आणि त्यांना सांभाळून घेणे न्याय्यच आहे. पण सरासरीच्या नियमाने नियमपूर्व घर हे नव्या घराचे मानक बनते. जे कालांतराने मिटायचे होते, त्यालाच वारस मिळतो.

आता २०१० आणि २०१५ शेजारी ठेवून पाहा. मिनेसोटात राज्याने कडक नियम करायचे ठरवले, तेव्हा स्थानिक नियंत्रणाच्या नावाने ते अडवले गेले. विस्कॉन्सिनमध्ये स्थानिकांनी कडक नियम केले होते, ते राज्यभर सारखेपणा असावा म्हणून खोडले गेले. दोन्ही राज्यपाल एकाच पक्षाचे, तत्त्वे मात्र एकमेकांच्या विरुद्ध, आणि निष्पत्ती एकच: काठावर अधिक बांधकामाला वाव. यावरून मला असे म्हणावेसे वाटते की ‘स्थानिक विरुद्ध राज्य’ हा या वादाचा पोशाख आहे. पोशाख ऋतूप्रमाणे बदलतो. वादाचे अंग एकच: काठ कोणासाठी?

दुसऱ्या बाजूचे खरे

इथे वाचक विचारेल, जमीनमालकाची बाजू एवढी खोटी आहे का? नाही. ती नीट ऐकायला हवी.

सेंट क्रॉय नदीचा रुंद, सरोवरासारखा भाग या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. विस्कॉन्सिनच्या काठावर एका कुटुंबाचे दोन लागून भूखंड होते, आईवडिलांनी १९६० च्या दशकात घेतलेले. भावंडांना एक विकून त्या पैशात दुसऱ्यावरचे जुने घर सुधारायचे होते. दोन्ही भूखंडांवर बांधकामयोग्य जमीन एक एकराहून कमी भरत होती, आणि एकाच मालकाचे असे लागून भूखंड वेगळे विकायला नियमाने बंदी होती. जून २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मर्र विरुद्ध विस्कॉन्सिन’ या खटल्यात पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की दोन्ही भूखंड मिळून एकच मालमत्ता मानावी आणि भरपाई देय नाही. काही महिन्यांतच, नोव्हेंबरमध्ये, विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने असे लहान भूखंड विकायला आणि बांधायला मोकळीक देणारा कायदा केला. न्यायालयात जिंकलेला नियम विधिमंडळात हरला. त्या कुटुंबाचे दुःख मात्र मला बनावट वाटत नाही. आपल्याकडे गुंठेवारीत घर केलेल्या हजारोंना ते सहज कळेल.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. त्र्याहत्तर गुंठ्यांचा भूखंड कोणाला परवडतो? किमान आकार वाढवत नेला की काठ श्रीमंतांचा होतो, आणि संरक्षणाच्या नावाखाली एक कुंपण उभे राहते. हे खरे आहे. म्हणूनच मला भूखंडाच्या आकारापेक्षा अंतर, झाडोरा आणि पाणी जिरवणे या मानकांचे मोल जास्त वाटते. त्यांत माणसाच्या ऐपतीचे नव्हे, त्याच्या वागण्याचे नियमन होते.

आणि एक तिसरा पक्ष आहे, जो मानकांच्या तक्त्यांत कुठेच येत नाही. ही सरोवरे ओजिब्वे लोकांची होती. १८३७ च्या करारात त्यांनी आजच्या दोन्ही राज्यांतला मोठा मुलूख सोडला, पण त्या मुलखातील जमिनीवर आणि पाण्यात शिकार, मासेमारी आणि रानभात गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिल लाक्स टोळीच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, तो हक्क जिवंत असल्याचे मान्य केले. हा रानभात, त्यांच्या भाषेत ‘मनूमिन’, उथळ पाण्यात उगवणारे गवत आहे. उथळ आणि दलदलीच्या काठाची सरोवरे म्हणजे बहुधा मिनेसोटाचा पहिला वर्ग. पण तो वर्ग ठरवताना मोजली जाते ती खोली, काठाची लांबी आणि मैलामागे घरे. भाताचे ताटवे मोजले जात नाहीत. ज्याची घरे जास्त, त्याला मानक सैल. मग सैल मानकामुळे घरे आणखी वाढतात. वर्गीकरण आपलेच भाकीत खरे करत राहते.

आपल्या पन्नास मीटरांचे काय?

हे सगळे वाचताना आपल्याकडचा मजकूर डोळ्यांसमोर येणे अपरिहार्य आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार, नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत, बोटींचे धक्के सोडून, कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. पन्नास मीटर म्हणजे १६४ फूट. कागदावर आपण मिनेसोटाच्या सर्वांत कडक वर्गाच्याही चौदा फूट पुढे आहोत.

पण हे नियम लागू होतात ते रामसर यादीतील आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळ जागांना. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी रामसर यादीत आहेत. शिवाय व्याख्येतूनच, खास पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मनोरंजनासाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळले आहेत. हिमनद्यांनी आपल्याला सरोवरे दिली नाहीत. आपले बहुतेक तलाव कोणीतरी बांधलेले आहेत. म्हणजे मानक पन्नास मीटरचे ठेवून, ते जिथे लागू व्हायचे ती जागाच व्याख्येने आकसली. इथे लवचिकतेचे वेगळे कलम लागतच नाही. ती व्याख्येत आधीच बसलेली आहे. आणि मोजणी ठरावीक दहा वर्षांच्या पातळीवरून असल्याने, ती वर्षे कोरडी गेली असतील तर सीमारेषा पाण्याकडे सरकलेली राहते. पाण्याने काठावर लिहिलेली खूण आणि माणसाने काढलेली सरासरी यांतला फरक तो हाच.

तरीही न्यायालय मजकूर कसा वाचते, यावर बरेच ठरते. पवई तलाव बांधलेलाच आहे, १८९१ सालचा. त्याच्या काठावर महापालिकेने हाती घेतलेला सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि काठ पूर्ववत करायला सांगितले. देशाच्या पाणथळ नकाशात नोंदलेल्या २,०१,५०३ जागांना संरक्षण देण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार तिथे कामी आला. उलट बंगळुरूमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली तलावांभोवती ७५ मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितला होता. शहराच्या विकास आराखड्यात तो ३० मीटर होता. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा आदेश रद्द केला: कायद्याने केलेला आराखडा लवादाला बदलता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध असेल. पण परिणाम विस्कॉन्सिनसारखाच झाला. किमान म्हणून लिहिलेला आकडा कमाल म्हणून वाचला गेला.

वाचनाचे तीन प्रश्न

या वाचनातून माझ्या हाती तीन प्रश्न लागले. काठाच्या बांधकामाबद्दलचा कोणताही नियम, ठराव किंवा आराखडा समोर आला की मी ते विचारते.

पहिला: हे मानक किमान आहे की कमाल? कडक होण्याची वाट उघडी आहे का? ती बंद असेल तर ‘लवचिकता’ हा शब्द तिथे शोभत नाही. त्याला उतार म्हणावे.

दुसरा: सूट देणाऱ्याला बेरीज दिसते का? एका सरोवरावर आजवर किती सुटी दिल्या, त्यांतून किती फूट काठ गेला, याची नोंद सूट मागणाऱ्याच्या अर्जाशेजारी ठेवलेली असते का? ही नोंद ठेवणे फार खर्चाचे काम नाही. एक वही पुरे. आपल्या गावच्या तलावाची अशी वही ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मागून पाहावी. नसेल तर नागरिकांनी स्वतः सुरू करावी.

तिसरा: सीमा कोणी आखली आहे, पाण्याने की कागदाने? मोजणी कुठून सुरू होते, हे नियमाच्या शीर्षकात कधीच नसते. ते व्याख्यांच्या कलमात, बहुधा पहिल्या-दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात असते. वाचायला सुरुवात तिथूनच करावी.